घरात नळ असलेलं गाव

समुद्र कसा होता, असं आमच्या भिशीतल्या बायका अजून विचारतात. होता की! मोठा होता, खारट होता आणि आमच्या ह्यांची एक चप्पल घेऊन गेला. पण मी सोलापूरहून बोईसरपर्यंत तडफडत गेले ती काही समुद्रासाठी नाही. मी गेले होते नळ बघायला. हसू नका, खरं तेच सांगते.

शोभा ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही परकर-पोलक्यात होती. तेव्हापासून चाळीच्या नळावर घागर घेऊन उभं राहायचं काम तिच्या गळ्यात पडलं. सोलापूरचं पाणी म्हणजे काय हे सोलापूरकरालाच ठाऊक. आलं तर आलं, नाहीतर बसा तोटीकडं बघत. रांग, रांगेतली भांडणं, घागरीनं घागर ठोकणं, सगळं त्या पोरीनं केलं. लग्नाचं निघालं तेव्हा म्हणाली, "मावशी, सोनं घालू नका. नवरा काळा असू दे, सासू कजाग असू दे. पण नळ घरात पाहिजे. मी आता रांगेत उभी राहणार न्हाई." जन्मात कधी काही न मागणाऱ्या पोरीनं मागितलं ते हे. मी म्हटलं, नळ तर नळ!

तिचे वडील, आमचे दाजी आणि तिचे अण्णा, गिरणीत मागावर. मागाच्या खडखडाटात कान पार गेलेले. त्यांच्याशी बोलायचं तर तोंडासमोर उभं राहून ओरडावं लागतं. शोभाला मात्र मी कधी ओरडताना बघितलं नाही. मला वाटायचं, आईविना पोर, बापाशी बोलतच नसेल.

ह्यांच्या कापडदुकानातल्या एका गिऱ्हाइकानं बोईसरचं स्थळ आणलं. मुलगा गिरणीत फिटर, बाप तिथंच जॉबर म्हणजे मुकादम, कंपनीचं घर, आणि निरोपात ठळक सांगितलेलं, की नळ स्वयंपाकघरात. दाजींना सुट्टी मिळेना. मग मी, आमचे हे आणि शोभा असे तिघे निघालो. मुलगी घेऊन मुलाच्या घरी जायचं म्हणजे उलटी गंगा. नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत. नळाला सोलापुरात बोलावून घेता येत नाही ना!

बोईसर

गाडीतलं काही सांगत नाही, पाय सुजले एवढंच. बोईसरला उतरलो तर निम्मा प्लॅटफॉर्म हिंदीत बोलणारा. आमच्या ह्यांनी एका हमालाला ऐटीत हिंदी ऐकवलं, तर तो म्हणाला, "काका, मराठीत सांगा, मी सफाळ्याचा हाय." हवेला औषधाच्या दुकानासारखा वास. तो कारखान्यांचा, दोन दिवसांत कळेनासा होतो म्हणे.

न्यायला मुलाचे वडील आले होते, गंगाधरराव. मूळचे बार्शीकडचे. "या या, प्रवास बरा झाला का?" असं ते म्हणाले आणि अख्ख्या प्लॅटफॉर्मनं माना वळवल्या. हा माणूस सगळ्या जगाला बहिरं समजून बोलतो. मी मनात म्हटलं, दाजींचाच भाऊ दिसतोय हा, गिरणीच्या पोटचा.

रिक्षात त्यांनी वाडीची कथा सुरू केली, इंजिनाच्या वर आवाज काढून. गिरणीच्या मालकाचं नाव ते घेत नव्हते, नुसतं 'शेठ'. शेठ माग खरेदी करायला विलायतेला गेले. तिथं त्यांनी एक गाव बघितलं. कुणा लोकरीच्या गिरणीवाल्यानं फार पूर्वी आपल्या कामगारांसाठी वसवलेलं. दगडी घरं, शाळा, दवाखाना, बाग, आणि दारूचा गुत्ता मात्र औषधालासुद्धा नाही. शेठ परतले ते माग घेऊन आणि डोक्यात गाव घेऊन.

"तेव्हा हितं नुसतं गवताचं रान!" गंगाधरराव शेजारच्या कुंभवली गावाच्या अंगाला हात करून म्हणाले. "लोक म्हणाले, शेठला येड लागलं. कामगाराला खुराडं पुरतं, बंगला कशाला? शेठ म्हणाले, माणूस नीट झोपला तर ताणा कमी तुटतो."

"म्हणजे फायद्यासाठीच की," आमचे हे म्हणाले. कापडदुकानातला माणूस, नफा आधी दिसतो.

"व्हय की! पण झोपलो तर आमीच ना?" गंगाधरराव हसले.

शेठची वाडी

कमानीवर मोठं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. सगळे 'शेठची वाडी' म्हणतात. कमानीवर दगडात धोटा कोरलाय. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणारी ती लाकडी होडी, जिच्या पोटात सुताची कांडी असते. आतल्या उभ्या गल्ल्यांना मागावरच्या उभ्या सुतावरून ताणा म्हणतात आणि आडव्यांना आडव्या सुतावरून बाणा. पोस्टमनसुद्धा "ताणा तीन कुठंय?" असंच विचारतो. गंगाधररावांचं घर त्या ताणा तीनमध्येच. बसकी कौलारू घरं, दारात ओटा, ओट्यापुढं प्रत्येकी एक झाड. बघून जीव निवला हो. आमच्या चाळीत दारापुढं झाड म्हणजे तुळशीचं, तेही डालडाच्या डब्यात.

शेठचे कायदे मात्र कडक. वाडीत ताडी नाही. दारात मासे सुकवायचे नाहीत. आणि पुढच्या बाजूला धुणं वाळत घालायचं नाही, त्यासाठी मागं वेगळा घाट. दिवसभर कापड विणणाऱ्यांच्या गावात दारात चिंधी दिसायची नाही, ही मला गंमतच वाटली. सभागृहात भजन चालेल, नाटक चालेल, युनियनची सभा नाही चालणार. गंगाधररावांनी ही गोष्ट मात्र जरा हळू सांगितली, म्हणजे निम्म्या गल्लीलाच ऐकू गेली.

एक चाल मला फार आवडली. खंडेनवमीला मागांची पूजा व्हायची आणि दसऱ्याला शेठ स्वतः घरोघर फिरून नव्या ताग्याचं कापड वाटायचे. सगळ्यांना एकच नक्षी. मग सगळ्या वाडीचे पडदे एक, पोरींचे झगे एक, उशांचे अभ्रे एक. जुना फोटो बघून बायका सांगतात, "हे मोराच्या वर्षीचं," "हे लाल चौकटीच्या वर्षीचं." शेठ घरात आले की आधी नळाची तोटी फिरवून बघायचे. पाणी आलं तर सोनं ठेवायचे हातावर, आपट्याचं.

"यंदाची नक्षी कोणती?" मी विचारलं.

मुलाची आई, कमलबाई, पडद्याची कड सरळ करायला लागली. "शेठ गेले. आता त्यांचा मुलगा बघतो, मुंबईत असतो," म्हणाली. मी पडद्याकडं बघितलं. निळी फुलं होती, उन्हानं उडालेली. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत तीच निळी फुलं तशीच उडालेली होती.

कमलबाई तरुणपणी सुताच्या कांड्या भरणाऱ्या वाइंडिंग खात्यात होती. बाई चांगली. हसरी, पण तीही तशीच ओरडून हसायची. ती मला कमानीपाशी मासे घ्यायला घेऊन गेली. तिथं समुद्राकाठच्या दांडी गावची हिराबाई पाटी घेऊन बसलेली. मी म्हटलं, "आत का येत नाही हो?"

"आत नाय बसायचं, शेठचा कायदा हाय," ती म्हणाली. "आमी भायेरच. आमचं घर कुडाचं हाय बाय, पन आमचं हाय. ह्यांची घरं पक्की हायत, पन..."

"पापलेट कसं दिलंस?" कमलबाई मध्येच ओरडली. वाटाही धड बघितला नाही, भाव केला नाही, मला ओढतच घरी आणलं. मासळीचा भाव न करणारी बाई! माझ्या मनात पाल चुकचुकली, पण पापलेट बघून गप्प बसली.

घरी आले तर शोभा स्वयंपाकघरात उभी. तोटी फिरवली, पाणी आलं, हात धरला, बंद केली. पुन्हा फिरवली. आरतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावावा तसा तिनं तो ओला हात तोंडावरून फिरवला. मला भरून आलं. दाराशी उभी कमलबाईही ते बघत होती.

जेवायला पापलेटाचं कालवण, तांदळाची भाकरी, भात. आम्ही बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. गंगाधररावांनी ती चटणी गावचा माणूस भेटावा तशी वाटीत घेतली. मुलगा, प्रकाश, समोरच बसला होता. सावळा, शांत, बोटांच्या पेरांत ऑइल. शोभानं एकदा बघितलं, त्यानं एकदा बघितलं. मी दोन्ही वेळा बघितलं.

आमच्या ह्यांनी तोंडात घास कोंबत विचारलं, "घर झकास आहे हो. पण रिटायर झाल्यावर काय? तुमच्याकडंच राहतं ना?"

आणि ह्यांच्या घशात काटा अडकला.

आम्ही भाकरी-मटण खाणारी माणसं, काट्याची सवय नाही. ह्यांचे डोळे पांढरे. मी पाठीत गुद्दे घालतेय, गंगाधरराव "भात गिळा, कोरडा भात!" ओरडताहेत. त्या गोंधळात मी बघितलं, कमलबाई दारातून नवऱ्याकडं बघून नुसती तोंड हलवतेय. आवाज नाही. तोही तसाच तोंड हलवतोय. प्रकाशनं मान जोरात हलवली. मला वाटलं, रामरक्षा म्हणताहेत बिचारे. भाताचा गोळा गेला, काटा गेला, ह्यांच्यात जीव आला. पण प्रश्न राहिला तो राहिलाच. शोभा पुढं जेवली नाही. मला वाटलं, काकांचं बघून घाबरली.

लूमशेड

दुपारी प्रकाश आम्हाला गिरणी दाखवायला घेऊन गेला. आत पाऊल टाकलं आणि कान गेले. आवाज नव्हे तो, अंगावर पडणारी भिंतच. हे काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. बरंच वाटलं. हवेत सुताचे बारीक तंतू, पायाखाली जमीन थरथरतेय. आणि मध्ये मोठ्या मोकळ्या जागा. तिथं पूर्वी माग होते हे जमिनीवरच्या तेलाच्या डागांवरून कळत होतं.

लांबच्या मागावरच्या एका माणसानं आमच्याकडं बघितलं आणि प्रकाशकडं बघून नुसतं तोंड हलवलं. प्रकाश ओशाळला. इकडं शोभानं पदर तोंडाला लावला आणि खुदकन हसली.

प्रकाशनं तिच्याकडं बघितलं. आधी त्याचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू राखेसारखा पांढरा. मी घाबरले. म्हटलं, ह्याच्याही घशात काटा अडकला का काय! मग तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि नुसता तोंड हलवायला लागला. बराच वेळ. ती टक लावून त्याच्या ओठांकडं बघत होती. मग तिचे ओठ हलले. मग पुन्हा त्याचे. मी आपली दोघांच्या मध्ये उभी, मागाकडं बघितल्यासारखं करत. माझ्यासमोर, माझ्या वयाचा मान न ठेवता, काय सुपारी चघळताहेत की काय ही दोघं!

दांडी

संध्याकाळी समुद्रावर गेलो. काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, तोरणं बांधल्यासारखे. वासानं हे नाक धरून पाण्यात गेले आणि चप्पल गमावून बसले. ते चप्पल शोधत लांब गेले तसं मी शोभाला धरलं. "काय गं, काय चाललंय?"

"मावशी, ती गिरणीची बोली हाय," शोभा म्हणाली. "शेडमध्ये ऐकू येत न्हाई, मग समदे ओठांनी बोलतात. मी अण्णांशी घरी तसंच बोलते. जेवताना ही माणसं तेच बोलत हुती. अण्णा आले न्हाईत, मग आपल्यात कुणाला कळतंय, असं वाटलं त्यांना."

"काय बोलत होती?"

"काकांनी घराचं विचारलं ना, तवा सासूबाई म्हनाल्या, घराचं आत्ता बोलू नका, पोरगी नळावर भाळलीय, लगीन झाल्यावर सांगू. मामंजी म्हनाले, फसवायचं का? ह्यांनी मान हलवली, नको म्हणून." बोलता बोलता ती 'ह्यांनी' म्हणाली, ते मी ऐकलं.

मग शेडमधलं सांगितलं. त्या मागावरच्या माणसानं प्रकाशला नवरीवरून चिडवलं आणि ती हसली, तेव्हाच प्रकाशला कळलं, की हिला बोली कळते. म्हणजे जेवतानाचंही कळलंय. त्यानं तिथंच सगळं सांगून टाकलं. शेठच्या मुलाला वाडीची जागा विकायची आहे. निम्मे माग भिवंडीला गेले. दिवाळीनंतर सगळ्यांनी घरं खाली करायची. प्रकाशला दुसऱ्या कारखान्यात काम मिळतंय, कुंभवलीत खोली बघून ठेवलीय. नळ अंगणात, चार बिऱ्हाडांत एक. "तुम्ही नाही म्हणालात तर मी समजेन," असं तो म्हणाला. हे सगळं माझ्या नाकासमोर!

माझं डोकं असं फिरलं म्हणता! ज्या एका गोष्टीसाठी पोरीला इतक्या लांब आणलं, तीच खोटी? दाजींना काय तोंड दाखवू? वर गेलेल्या बहिणीला काय सांगू? मी ह्यांना हाक मारली, "चप्पल राहू द्या, चला!" आणि एका पायात चप्पल घातलेला नवरा घेऊन तरातरा वाडीत आले.

पुन्हा ताणा तीन

मी ओट्यावरूनच सुरू केलं. "काय हो कमलबाई, पाहुण्यांच्या ताटासमोर बसून त्यांनाच फसवायचं? आमच्याकडं ह्याला चारशेवीस म्हणतात!" गल्लीतली दारं उघडली. उघडू देत. इथं तर सगळेच ओरडून बोलतात.

मला वाटलं, बाई भांडेल. मी पदर खोचून तयार होते. ती आत गेली, स्वयंपाकघरात, आणि ओट्याला धरून उभी राहिली. मी मागं गेले तर तिच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"हितं आले तवा परकाश माझ्या पोटात हुता," ती म्हणाली. "त्याच्या आधी मुंबईला एका खोलीत तीन बिऱ्हाडं ऱ्हात हुतो. शेठनी ही तोटी फिरवली आन् म्हनाले, बाई, हे तुझं पाणी. मी त्या दिवशी नुसतं पाणी सोडून बघत बसले हुते. तुमची पोरगी आज तशीच उभी हुती. माझ्यानं सांगवलं न्हाई वो. घर सोडलं तर आमच्याकडं पोरीला दाखवायला हाय काय?"

माझा राग कुठं गेला, मला कळलं नाही. शेठ चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण त्यानं दिलेलं सगळं त्याच्याच हातात राहिलं. बाईनं इतकी वर्षं माझं माझं म्हणून घासून लख्ख ठेवलेली तोटी एका माणसाच्या मरणानं परकी झाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

तेवढ्यात शोभा पुढं आली. तिनं कमलबाईची हनुवटी वर केली, आपल्या तोंडासमोर आणली आणि ओठांनी काहीतरी बोलली. थोडंसंच. कमलबाईनं डोळे पुसले. मग तिनं शोभाच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली.

"अगं काय म्हणालीस? माझ्यासमोर मुकं बोलायचं नाही, सांगून ठेवते!" मी ओरडले. दारात प्रकाश उभा होता. त्याला कळलं होतं, कारण तो मान खाली घालून हसत होता. गंगाधररावांनाही कळलं. म्हणजे त्या घरात बहिरी मी एकटीच.

सोलापूर

परतीच्या गाडीत मी तिला भंडावून सोडलं. ती म्हणाली, "अण्णांना सांगितल्याबिगर कुणाला न्हाई." फारच मागं लागले तेव्हा तिनं मला ती बोली शिकवायला घेतली. ओठांकडं बघायचं, डोळ्यांकडंही बघायचं, हाताकडंही लक्ष ठेवायचं. कल्याण ते दौंड मला 'पाणी' आणि 'मावशी' एवढंच आलं. ह्यांना काहीच आलं नाही, पण ते नव्या चपलेच्या विचारात होते.

चाळीत पोचलो तेव्हा नळ आलेला. रांगेत बायकांचा कल्ला, घागरींची खणखण. दाजी दारातच उभे होते, शिफ्टवर जायच्या कपड्यांत. त्यांनी मला नमस्कारही केला नाही, सरळ लेकीकडं बघितलं आणि त्यांचे ओठ हलले. घर कसं आहे, एवढंच विचारलं असणार.

शोभानं मान हलवली, नाही अशी. मग तिचे ओठ बराच वेळ हलत राहिले. दाजींचा चेहरा पडला, मग गंभीर झाला, मग जरा उजळला. शेवटी त्यांनी नळाच्या रांगेकडं बोट केलं आणि भुवया वर केल्या. पोरीची अट त्यांनाही पाठ होती.

शोभानं कमरेवर हात ठेवला, जिथं घागर ठेवतात तिथं, आणि हसली. ओठ मिटले, उघडले. एकच शब्द होता, आणि तो मला कुणी सांगावा लागला नाही.

"भरीन," ती म्हणाली.